दोन उदबत्त्या आणि सात कडी

माझं काम काय आहे हे गावाकडं कुणाला सांगायची वेळ आली की माझं डोकं उठतं. रेणापूरच्या बाजारात चहाच्या गाड्यावर एकदा कुणीतरी विचारलं, तिकडं नांदेडला नेमकं काय करायलास? मी म्हणालो, दाब मोजायची नाजूक यंत्रं असतात, ती खरं बोलतात का खोटं ते उजेडानं तपासतो. झालं. एकानं शर्टाची बाही वर सारली आणि दंड पुढं केला.

"मंग माझं बघ की. सकाळपसून गरगरायलंय."

त्याच्या मागं दुसरा उभा राहिला. मी हात जोडले, अर्धा चहा तसाच ठेवला आणि निघालो. मागून आवाज आलाच, "चार बुकं शिकली की माणूस असं होतंय बघ."

चार नव्हे, चारशे वाचली असतील. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी, आणि हे मी मिरवतो, लपवत नाही. पण दाब मोजायचं काम आमच्या घरात माझ्या आधीपासून चालतं. माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, बाजाराच्या कडेला पंक्चरचं दुकान आहे. त्यांच्या कंप्रेसरवर दाब दाखवणारं एक घड्याळ आहे. त्याची काच पिवळी पडलीय आणि काटा कधीचाच एका जागी मेलाय. अण्णांचं काही अडत नाही. ते टायरवर अंगठा दाबतात, बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि म्हणतात, "बस." इंजिनिअरिंगला असताना मी हट्टानं एक चांगलं घड्याळ घरी नेलं आणि त्यांनी भरलेले चार टायर तपासले. चारही बरोबर निघाले. अण्णा म्हणाले, "सांग तुझ्या घड्याळाला, पास झालास म्हणावं."

तर अशा माणसाचा मुलगा नांदेडला पीएच.डी. करायला गेला. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.

मला जे यंत्र मिळालं होतं ते लातूरहून आणलेलं होतं. तिथं दाबमापकं तपासून शिक्का देणारी एक छोटी प्रयोगशाळा आहे. तिच्या मालकांनी त्यांचं एक जुनं पण फार अचूक दाबमापक मला एका वर्षासाठी वापरायला दिलं होतं. त्याच्या पोटात पातळ पत्र्याची एक चपटी डबी असते. आत हवा सोडली की डबीचं पोट फुगतं, आणि ते फुगणं दात्यांच्या चाकांतून काट्यापर्यंत पोचतं. माझा प्रश्न साधा होता. हवा सोडून दिल्यावर ते पोट लगेच मूळ जागी येतं का, की थोडं रेंगाळतं? रेंगाळत असेल तर काटा तेवढा वेळ खोटं बोलतो. काट्यावर आणि चाकांवर माझा विश्वास नव्हता. म्हणून थेट त्या पोटावर बारका आरसा चिकटवायचा, दुसरा आरसा शेजारच्या स्टँडवर लावायचा, एकाच लेझरचा उजेड दोघांवर सोडायचा आणि परत आलेले दोन्ही किरण एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर एकत्र आणायचे. मग पुठ्ठ्यावर लाल-काळी कडी दिसतात, विहिरीत खडा टाकल्यावर दिसतात तशी. पोट जरा जरी हललं की मधून एक कडं बाहेर येतं, नाहीतर आत बुडतं. एक कडं म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचाही तिसरा हिस्सा. केसाच्या जाडीत अशी दोनशेच्या वर मावतात.

हे ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात ती कडी म्हणजे छळ आहे. गच्चीवरची टाकी भरायला पंप लागला की कडी थरथरतात. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला की गायबच होतात. कॉरिडॉरमधून कुणी चप्पल फटफटवत गेलं तर पुठ्ठ्यावर भूत नाचावं तशी नाचतात. मी दारावर कागद लावला, "प्रयोग चालू आहे, हळू चाला." तो वाचायला पोरं जास्त येऊ लागली.

शेवटी अण्णांनाच विचारलं. फोनवर म्हणाले, "ट्यूबीवर बसीव की. हवेवर बसलेल्याला रस्ता कळत न्हाई." आणि स्वतःच स्कूटरच्या चार ट्यूबा घेऊन एसटीनं आले. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या चाचांनी कुणाच्या तरी ओट्याची उरलेली काळी ग्रॅनाइटची लादी आणून ठेवली होती.

चाचा म्हणजे आमचे मेकॅनिक. नांदेडात त्यांच्या कितीतरी पिढ्या गेल्या. घराणं घड्याळं आणि स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्यांचं. माझ्या आरशाचा अॅल्युमिनियमचा स्टँड त्यांनीच लेथवर काढला होता. मला ते "बेटा" म्हणत, आणि राग आला की "सर".

चाचा आणि अण्णा यांचं दहा मिनिटांत असं जमलं की मी तिथं फालतू ठरलो. अण्णांनी अंगठ्यानं दाबत चारही ट्यूबा सारख्या भरल्या, चाचांनी वर लादी ठेवली, पाणसळ लावली. बुडबुडा बरोबर मध्ये. चाचा म्हणाले, "माशाल्ला, अण्णा. हा अंगठा विकायचाय का?"

"अंगठाच तर हाय आमच्याकडं," अण्णा म्हणाले. "पोरगं सही करतंय आता."

मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला. मी म्हणालो, अण्णा, इथं फोडू नका, पाणी उडेल. ते बाहेर फोडून आले. पण उदबत्त्या आतच लावल्या, दोन, अर्ध्या लिंबात खोचून, लादीवर, आरशाच्या स्टँडला अगदी टेकून. धूर वर गेला आणि जी गोष्ट एरवी कधीच दिसत नाही ती दिसली. लेझरचा किरण. हवेत ताणलेली लाल सुतळी जशी. अण्णांनी टोपी काढली. चाचा म्हणाले, "सुभानल्ला." मीही टाळी वाजवली. हे लक्षात ठेवा, मी टाळी वाजवली.

निघताना अण्णांनी चाचांचा हात धरला. "भाऊ, रोज सकाळी मशिनीम्होरं दोन लावत जावा. लेकराचं काम हाय." चाचा म्हणाले, "जबान दिली." मी तेव्हा मोबाइलवर एसटीची वेळ बघत होतो.

पुढं महिनाभर पंख्याची हवा त्रास देत होती, म्हणून चाचांनी प्लायवुडची पेटी करून अख्ख्या मांडणीवर झाकली. एका अंगाला पुठ्ठा बघायला काचेची खिडकी. मी ताकीद दिली, "चाचा, आत कशालाही हात लावायचा नाही. कशालाही." ते म्हणाले, "नाही लावणार." पेटी आली आणि कडी शांत झाली. मला वाटलं, जिंकलो.

मी पावणेअकराला येऊन पहिली फेरी घ्यायचो. हवा भरायची, सोडायची आणि मोबाइलवर कड्यांचं चित्रण करायचं. आणि रोज, अगदी रोज, हवा सोडल्यावर तासभर कडी हळूहळू आत बुडत राहायची. आधी भरभर, मग सावकाश, मग थांबायची. मोजली तर साधारण सात. दुपारच्या फेरीत मात्र जवळजवळ काही नाही. हवा सोडली की पोट जवळपास जागच्या जागी.

गाईड सर खुर्चीतून उठलेच. "अहो, हे रेंगाळणं आहे! धातूचं रेंगाळणं! रात्रभर विश्रांती घेतलेला पत्रा सकाळी आळसावतो, दुपारपर्यंत मोकळा होतो. इतकं स्वच्छ मी कुठं पाहिलं नाही." मलाही तेच हवं होतं. मी त्यावर वीस पानं लिहिली. हवा न भरता, नुसतंच, सकाळी पावणेअकराला कड्यांकडं बघत बसावं, एवढी साधी गोष्ट सहा महिन्यांत माझ्या डोक्यात आली नाही. पंक्चर काढणारासुद्धा पाण्यात ट्यूब बुडवून आधी बघतो की भोक आहे का. मी न बघताच ठिगळ लावत होतो.

मग चाचांच्या घरी लग्न निघालं. ते पाच दिवस रजेवर गेले, किल्ली माझ्याकडं देऊन. त्या पाच दिवसांत धड एकही कडं बुडलं नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. पत्रा बिघडला? मी सगळं उघडून पुन्हा जुळवलं, रात्री नीट झोपलो नाही, गाईड सरांना सांगायचं टाळलं. लातूरच्या एका कॉलेजात माझं सादरीकरण ठरलं होतं. त्याला दीड महिना राहिला होता, आणि दाबमापक त्याच दिवशी मालकांना परत द्यायचं होतं. ज्या सात कड्यांवर माझी पदवी उभी होती ती सात कडी रुसून बसली होती.

सहाव्या दिवशी चाचा आले, आणि सात कडी परत आली.

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. दुसऱ्या दिवशी मी साडेनऊलाच जाऊन प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, कपाटाच्या पलीकडं, स्टुलावर बसलो. चाचा आले. हात धुतले, रुमालानं कोरडे केले. पेटीचं झाकण दोन्ही हातांनी हळूच उचललं, अर्ध्या लिंबाची वाटी आत स्टँडला टेकवून ठेवली, लिंबात दोन उदबत्त्या खोचल्या, पेटवल्या. धुरात क्षणभर लाल सुतळी बघितली. झाकण लावलं. साडेदहाला वाटी बाहेर काढली, राखेचा कणही सांडू दिला नाही, लादी मऊ कापडानं पुसली. आणि मग मी रोज येतो त्या दाराकडं बघत बसले.

मला सगळं एका दमात कळलं. उदबत्त्यांनी बंद पेटीत तो अॅल्युमिनियमचा स्टँड गरम व्हायचा. फार नाही, एखादा अंश. पण जेमतेम अर्ध्या वितीचा तो दांडा एका अंशानं वाढला तरी सहा-सात कडी होतात. मग मी यायचो, आणि तो दांडा गार होत आकसायचा. मी सहा महिने पत्र्याचा आळस म्हणून जे मोजलं ते दोन विझलेल्या उदबत्त्यांचं गार होणं होतं. मोगऱ्याचा वास रोज यायचा, पण आमच्याकडं कुठल्या ऑफिसात सकाळी येत नाही?

मी कपाटामागून ओरडतच बाहेर आलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. सहा महिने वाया घालवले, एवढं तरी कळायला पाहिजे, हात लावू नका म्हणालो होतो, असं बरंच. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"सर. मी हात कशाला लावला? आरशाला लावला? पत्र्याला लावला? झाकण उचललं आणि अण्णांनी जिथं ठेवली होती तिथंच ठेवली."

"पण गरम होतं ना ते, चाचा!"

"हे तुम्ही कधी सांगितलं? सहा महिन्यांत एकदा तरी सांगितलं, की चाचा, गरम झालं तर अमुक होतं? नुसतं हात लावू नका, हात लावू नका. मी बापजाद्यापासून घड्याळं उघडतो, सर. उन्हाळ्यात लंबक लांब होतो आणि घड्याळ मागं पडतं, हे मला दहाव्या वर्षी माझ्या अब्बांनी सांगितलं. तुम्ही सांगितलं असतं तर मी ती अण्णांच्या देवाच्या फोटोपुढं लावली असती."

"देवाचा फोटो कुठंय इथं?"

"नाही ना! म्हणून तर मशिनीपुढं लावली!"

मला हसू आलं आणि त्याचाही राग आला. ते म्हणाले ते खरं होतं. त्यांच्या हातानं काढलेल्या स्टँडवर मी काम करत होतो आणि तो स्टँड काय मोजतो हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. शिकलेला माणूस. पहिला.

दुसऱ्या दिवसापासून उदबत्त्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर गेल्या. चाचा मला आठवडाभर "सर"च म्हणत राहिले, पण सकाळी माझ्या आधी येऊन, न सांगता, स्टँडला दोऱ्यानं बांधलेल्या थर्मामीटरचा आकडा पाटीवर लिहून ठेवू लागले. आम्ही महिनाभर सगळ्या फेऱ्या पुन्हा घेतल्या. पत्रा खरंच रेंगाळतो. पण सात कडी नाही. जेमतेम एक.

गाईड सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, "एक कडं दाखवा. आधीच्याबद्दल 'उष्णतेचा व्यत्यय' एवढंच म्हणा. खोटं नाही ते."

खोटं नव्हतंच. पण मला चीड येत होती ती वेगळ्याच गोष्टीची. सादरीकरण लातूरला, म्हणजे रेणापूरहून अण्णा येणार. त्यांना मी काय सांगू? की तुम्ही देवाचं नाव घेऊन जे लावलं त्यानंच माझे सहा महिने जाळले? त्यांच्या आयुष्यात माझ्या कामाला त्यांचा हात एवढ्या दोनच ठिकाणी लागला होता, ट्यूबांना आणि उदबत्त्यांना. ट्यूबा अजून एकदम बरोबर होत्या. मी फोनवर उदबत्तीचा विषय काढला नाही. नुसतं म्हणालो, यायची गरज नाही, लई तांत्रिक असतं. ते म्हणाले, "मी काय तुला प्रश्न इचारणाराय का?"

आले. इस्त्रीचं पांढरं धोतर, नवी टोपी. बरोबर चहाच्या गाड्यावरचा तोच, बाही वर करणारा. दोघं तिसऱ्या ओळीत बसले.

मी एक कडं दाखवलं. सगळं नीट चाललं होतं. जुन्या मोजमापांच्या पानावर आलो आणि गाईड सरांनी शिकवल्याप्रमाणे म्हणालो, "स्टँडजवळच्या उष्णतेच्या एका स्रोतामुळं ही सात कडी आलेली आहेत, ती रद्द धरली आहेत." पुढच्या पानावर जाणार तेवढ्यात पहिल्या ओळीतल्या एका वयस्क प्राध्यापकांनी हात वर केला.

"कसला स्रोत?"

"बाहेरचा, सर."

"बंद पेटीत बाहेरचा कसा येईल? बल्ब होता? मोटर होती? आमच्या पोरांना कळू द्या, त्यांच्याकडूनही होईल."

मी गाईड सरांकडं पाहिलं. ते छताकडं बघत होते. अण्णा माझ्याकडं बघत होते, काही न कळता, पण मान हलवत, चालू दे, चालू दे. आणि मला एकदम वाटलं की मी आत्ता जर "बल्ब" म्हणालो तर त्या मेलेल्या काट्याच्या घड्याळात आणि माझ्यात काही फरक नाही.

"उदबत्ती, सर," मी म्हणालो. "दोन. रोज सकाळी."

हॉल हसला. चांगला खळखळून हसला. बाही वर करणारासुद्धा हसला, कुणावर हसतोय ते न कळता. अण्णा हसले नाहीत. त्यांची हलणारी मान थांबली.

"कुणी लावली?" प्राध्यापकांनी विचारलं, हसतच.

"माझ्या प्रयोगशाळेत लागत होती, सर. म्हणजे मीच. हवा न भरता एकदाही बघितलं नाही, ती चूकसुद्धा माझीच." आणि मग मी तो थर्मामीटरचा तक्ता दाखवला, जो दाखवायचा ठरला नव्हता. उदबत्ती पेटली, दांडा चढला. विझली, उतरला. कडी त्याच्या मागं, पावलाला पाऊल. प्राध्यापक पुढं वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "हे आधी दाखवायचं होतं." कौतुक होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही. पदवीला आणखी एक वर्ष लागणार हे मात्र त्याच दुपारी कळलं. एका कड्यावर तेवढं भागत नाही.

बाहेर झाडाखाली अण्णा उभे होते. मी जवळ गेलो. तयारी करूनच गेलो होतो, की अण्णा, तुमची काही चूक नाही वगैरे. त्यांनी बोलूच दिलं नाही.

"माझ्या उदबत्तीनं ते लोखंड वाढलं?"

"हो."

"किती?"

मी अंगठा आणि बोट जवळ आणलं, अजून जवळ, आणि मग सोडून दिलं. "दिसत नाही इतकं. केसाचा तिसावा भाग धरा."

"आन् तू ते मोजलंस."

"चुकून मोजलं, अण्णा. मला दुसरंच मोजायचं होतं."

"आरं, पर मोजलंस का न्हाई?" ते खेकसले. "दोन काड्याची धग. तुझ्या मशिनीला तेवढीबी कळली. आन् तू तोंड पाडून उभा!" मग खालच्या आवाजात, "त्या चाचाला वरडला न्हाईस ना?"

मी एसटीची वेळ बघायला मोबाइल काढला. ते समजले. त्या संध्याकाळी ते रेणापूरला न जाता माझ्याबरोबर नांदेडच्या एसटीत बसले, आणि अहमदपूरपासून लोह्यापर्यंत चाचांना काय म्हणायचं याचे धडे मला देत राहिले. जणू मी पहिलीत आहे.

आता दुकानात टायर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा सांगतात की माझ्या पोरानं उदबत्तीनं लोखंड वाढवलं आणि मोजून दाखवलं. दाबाचं कुणी नाव काढत नाही, पत्र्याच्या डबीचं नाही, त्या एका खऱ्या कड्याचं तर नाहीच नाही. परवा मी न राहवून पुन्हा म्हणालो, "अण्णा, शंभरदा सांगितलं, लोखंड नव्हतं ते. अॅल्युमिनियम. लोखंड त्याच्या निम्मंच वाढतं."

"हाव का?" अण्णा म्हणाले. अंगठा टायरवर तसाच दाबलेला. आणि गिऱ्हाइकाकडं वळून, "ऐकलंस? लोखंडाच्या दुप्पट!"